क्रोशा शिकवायचाय? साखळीपासून सुरुवात करू नका

आत्तापर्यंत मी जावेला, कॉलेजच्या एका मैत्रिणीला, शेजारच्या काकूंना, दहा वर्षांच्या भाच्याला आणि रिटायर झाल्यावर दिवसभर टीव्हीचा रिमोट घेऊन बसणाऱ्या बाबांना क्रोशा शिकवलाय. त्यातल्या पहिल्या दोघींनी चार दिवसांत सुई ठेवून दिली ती कायमचीच, आणि तेव्हा मी सगळ्यांना सांगत फिरले की त्यांना चिकाटी नाही. चिकाटी भरपूर होती हो, मलाच शिकवता येत नव्हतं. स्वतःला येणं आणि दुसऱ्याला शिकवता येणं यात किती अंतर आहे ते कळायला मला दोन माणसं वाया घालवावी लागली. तुमची जाऊ, बहीण, मैत्रीण वाया जाऊ नये म्हणून हे लिहितेय. तुम्हाला स्वतःला साखळी (लूपमधून लूप काढत केलेली दोरी) आणि खांब (तिच्यावर विणायचा उंच टाका) येतंय असं धरून चाललेय, नसेल येत तर आधी शिका आणि मग या.

सामान फार लागत नाही. जाडसर साधी लोकर आणि साडेचार किंवा पाच एमएमची अ‍ॅल्युमिनियमची सुई, बास. रंग फिका घ्या, पिवळा, आकाशी, पिस्ता काहीही, पण काळा आणि नेव्ही ब्लू अजिबात नको कारण त्यात टाके दिसतच नाहीत, आणि ती मऊमऊ केसाळ लोकर दुकानात कितीही गोड दिसली तरी नको, तिच्यात मला पण टाका सापडत नाही.

आणि कृपा करून आजीच्या डब्यातली ती बारीक स्टीलची सुई आणि पांढऱ्या सुताचा गुंडा काढून देऊ नका. भावना समजतात, पण त्या सुताला २० आणि ४० असे नंबर असतात आणि नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक, स्टीलच्या सुयांचंही तसंच, त्यामुळे नवीन माणूस ‘मोठा नंबर म्हणजे जाड असेल’ म्हणून नेमकं उलटंच उचलतो. आपल्या आज्या-मावश्यांनी त्याच सुतावर रुखवताचे रुमाल केले, दुधाच्या पातेल्यावरची मणी लावलेली झाकणं केली, सगळं खरं, पण त्यांच्याकडे दुपारच्या दुपार होत्या आणि डोळे पण तरुण होते. आंध्रात नरसापूरला बायका जी लेस विणतात ना, २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं तिला, ती बघितली की माणूस थक्क होतो, पण ती बघायची गोष्ट आहे, पहिल्या दिवशी हातात द्यायची नाही.

बसायचं शेजारी. समोर बसलात की तुमचा उजवा हात त्यांना डावीकडे दिसतो आणि बिचारे तुमची नक्कल करता करता सुई कुठल्या हातात धरायची इथेच अडकतात. शिकणारा डावखुरा असेल तर मात्र मुद्दाम समोर बसा, आरशात बघितल्यासारखं त्याला सगळं बरोबर दिसतं. माझा भाचा डावखुरा आहे, त्याला मी दोन दिवस शेजारी बसवून उजव्या हाताने करायला लावत होते, मूर्खपणा नुसता.

आता मुख्य मुद्दा. सगळीकडे, म्हणजे पुस्तकात, व्हिडिओत, क्लासमध्ये, पहिला धडा एकच: सरकगाठ मारा, साखळी घाला, मग साखळीत पहिली ओळ विणा. हा क्रम करणाऱ्याच्या सोयीचा आहे, शिकणाऱ्याच्या नाही. विणताना साखळी पहिली येते म्हणून शिकवताना पण तीच पहिली यायला पाहिजे असं कोणी सांगितलं? घरात पोरांना पोळी शिकवताना आपण आधी कणीक भिजवायला लावतो का? मळलेला गोळा हातात देतो आणि म्हणतो, लाट. वाकडीतिकडी का होईना पोळी लाटली जाते, तव्यावर फुगते, पोरगं खूश. कणीक नंतर.

साखळीवर पहिली ओळ घालणं हे पूर्ण क्रोशातलं सगळ्यात वैतागवाडी काम आहे, आणि तेच आपण पहिल्या अर्ध्या तासात त्यांच्याकडून करून घेतो. का वैताग ते सांगते. एक तर साखळीला रुंदी नसते, हातात धरायला काही नसतंच, नुसती दोरी लोंबकळते आणि गोल गोल फिरते. त्यात नवीन माणूस घाबरून दोरा आवळून धरतो त्यामुळे साखळी इतकी घट्ट की तिच्यात सुईचा आकडा जात नाही. तिसरं म्हणजे एकेका साखळीला पुढून दोन धागे आणि मागून एक गाठीसारखा उंचवटा असतो, सुई नेमकी कुठून घालायची हे त्यांना दिसत नाही आणि आपल्याला सांगता येत नाही, आपण नुसतं ‘अगं इथून, इथून’ करत राहतो. माझ्या जावेने सलग तीन संध्याकाळ साखळी घातली, उसवली, पुन्हा घातली, चौथ्या दिवशी म्हणाली, ताई, मला हे जमण्यातलं नाही, आणि मी पण मान हलवली. त्या तीन दिवसांत तिने एक खांबसुद्धा विणून बघितला नव्हता! म्हणजे क्रोशा करून बघितलाच नाही आणि क्रोशा जमत नाही असं ठरवून मोकळी झाली.

म्हणून आता मी काय करते, तर तुकडा आधीच विणून ठेवते. १८ साखळ्या, सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब, असं करत करत १६ खांबांची ओळ होते (सुरुवातीच्या तीन साखळ्या म्हणजे एक खांब धरायचा, तुम्हाला माहितीये). अशा तीन ओळी पूर्ण करायच्या, चौथी ओळ अर्धी विणायची आणि त्या अर्ध्या ओळीत, सुई तशीच टाक्यात असताना, तुकडा त्यांच्या हातात द्यायचा. पकडायला कापडाचा छोटा तुकडा मिळतो, खाली कसे टाके दिसायला पाहिजेत त्याचा नमुना डोळ्यासमोर असतो, आणि पुढच्या ओळीचं घर, म्हणजे सुई घालायची जागा, अगदी उघड दिसतं कारण वरून ती ओळ वेणी घातल्यासारखी दिसते. वेणीच्या दोन्ही पदरांखालून सुई घालायची, एवढंच सांगायचं.

बरेच जण म्हणतात पहिल्यांदा मुका खांब (वेढा न घेता करायचा टाका) शिकवा, तो सोपा. मला नाही पटत. मुका खांब बुटका असतो, टाके एकमेकांना चिकटून बसतात आणि नवीन डोळ्याला मोजता येत नाहीत. नेहमीचा खांबच द्या, तो उंच असतो. दोन पायऱ्या जास्त आहेत पण प्रत्येक खांब वेगळा उभा दिसतो आणि ओळ पटकन वाढते, वाढताना दिसली की माणूस बसून राहतो.

खांब करताना मी पाच शब्द म्हणायला लावते, मोठ्याने: वेढा, आत, ओढ, दोन, दोन. सुईवर दोऱ्याचा वेढा घे, सुई घरात आत घाल, दोरा पकडून बाहेर ओढ, आता सुईवर तीन लूप दिसले पाहिजेत, मग दोरा घेऊन दोनातून काढ, परत घेऊन उरलेल्या दोनातून काढ. बाबा हे रामरक्षा म्हटल्यासारखं म्हणायचे आणि मध्ये कोणी बोललं की चिडायचे. चालतंय. ‘ओढ’ नंतर तीन लूप नसतील तर वेढा घ्यायचा राहिलाय, दुसरं काही नाही.

या टप्प्यात दोन गोष्टी बिघडतात. पहिली, टाके घट्ट होत जातात. आपण म्हणतो ‘सैल धर, सैल धर’ आणि ते अजून टेन्शन घेऊन अजून आवळतात. सैल धर हा सल्लाच नाहीये, बघा तुम्ही त्यांचा लूप सुईवर कुठे आहे ते. आकड्याच्या लगेच खाली सुईचा गळा असतो, तो बारीक, आणि त्याच्या मागे दांडी असते ती पूर्ण जाड. पाच एमएमची सुई म्हणजे पाच एमएमची दांडी, गळा नाही. नवीन माणूस सगळं काम टोकावर करतो, लूप गळ्यात बसतो आणि तेवढाच बारीक होतो. ‘प्रत्येक वेळी लूप दांडीवर सरकव’ एवढं सांगा, पाच मिनिटांत फरक पडतो. ही गोष्ट मला कोणी सांगितली असती तर माझी मैत्रीण आज क्रोशा करत असती.

दुसरी म्हणजे डावा हात. करंगळीला वेढा, मधल्या बोटांखालून, तर्जनीवरून, हे शास्त्रशुद्ध धरणं तुम्हाला येत असेल तर छान, त्यांच्यावर लादू नका. पहिल्या दिवशी दोरा तर्जनीवरून गेला आणि बाकीच्या बोटांनी मुठीत जरा धरला की पुरे. काकू अजूनही काहीतरी विचित्रच धरतात, मी बघत नाही तिकडे, टाके माझ्यापेक्षा एकसारखे येतात त्यांचे. सुई पेनसारखी धरायची की सुरीसारखी, यावरून तर वाद घालूच नका.

आणि त्यांच्या हातातून विणकाम काढून घ्यायचं नाही. हे मला सगळ्यात अवघड गेलं, अजूनही जातं, हात शिवशिवतात. ‘दे इकडे, मी करून दाखवते’ म्हटलं की आपण चार सेकंदात करून मोकळे होतो आणि त्यांना काही दिसलेलं नसतं. तुमचा वेगळा तुकडा, वेगळी सुई जवळ ठेवा, त्याच्यावर दाखवा, त्यांचं त्यांनाच करू द्या.

चौथी ओळ संपायच्या आत उसवायला शिकवा. सुई काढा, दोरा ओढा, सर्र करून दोन ओळी जातात, पुन्हा शेवटच्या लूपमध्ये सुई घाला, चला पुढे. दोन सुयांच्या विणकामात एखादं घर निसटलं की खालपर्यंत पळत सुटतं, इथे एकच लूप जिवंत असतो, तो सांभाळला की झालं. हे एकदा स्वतः करून बघितलं की चुकायची भीती निम्मी होते.

मग कडा. दुसऱ्या दिवशी तुकड्याचा समोसा झालेला असतो, हमखास. कारण ओळीच्या सुरुवातीला तीन साखळ्या घातल्या की तोच पहिला खांब झाला, तरी लोक त्याच्याच बुडातल्या घरात अजून एक खांब घालतात, एक वाढला. किंवा शेवटी खालच्या ओळीच्या त्या तीन साखळ्यांच्या डोक्यावर खांब घालायचा विसरतात, एक कमी झाला. समजावत बसू नका, तिथे सेफ्टी पिन लावा. ओळ सुरू करताना तिसऱ्या साखळीला पिन लावायची, पलटून परत आलं की शेवटचा खांब पिनच्या जागी. पिन पुढच्या ओळीत न्यायची. आणि पहिल्या दहा ओळी, प्रत्येक ओळीला १६ मोजायचे, कंटाळा आला तरी मोजायचे.

मध्येच कोणीतरी उत्साहाने यूट्यूब बघून येतं आणि म्हणतं तुम्ही चुकीचं शिकवलं. घाबरू नका. अमेरिकन लोक ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्याला ब्रिटिश डबल क्रोशे म्हणतात, आणि पुढची सगळी नावं अशीच एकेक पायरी सरकलेली. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत ब्रिटिश, व्हिडिओत बहुतेक अमेरिकन. म्हणून आपलं मुका खांब, खांब, दोन वेढ्यांचा खांब बरं, उंची डोळ्यासमोर येते.

साखळी तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तोवर लूप दांडीवर सरकवायची सवय झालेली असते त्यामुळे साखळी आपोआप सैल येते, तरी घट्ट आलीच तर फक्त साखळीपुरती अर्ध्या एमएमने मोठी सुई द्या. सरकगाठ अजून आठवडाभर तुम्हीच मारून द्या, काही बिघडत नाही.

पहिली वस्तू मफलर नको. मुंबई-ठाण्यात घालणार कुठे, आणि दोन हात लांबीवर प्रत्येकाचा धीर सुटतो. तोच १६ खांबांचा तुकडा पंचवीसेक ओळी वाढवा, मध्ये दुमडा, दोन्ही बाजू शिवा, मोबाईलची पिशवी तयार. काही जण पहिल्यांदा गरम भांड्याखालचं आसन करायला देतात, तसं करायचं असेल तर सुतीच दोरा घ्या, अ‍ॅक्रिलिक लोकर गरम तव्याला चिकटून वितळते.

शेवटी दोरा कापताना वीतभर शेपूट सोडायला सांगा आणि मोठ्या नाकाच्या सुईने ते उलटीकडून टाक्यांत एकदा इकडे, एकदा तिकडे असं ओवून मग कापायचं. बाबांची पहिली पिशवी मीच घाईत अगदी लगत कापली होती, महिन्याभरात कोपऱ्यातून उसवली. त्यांनी मला काही न सांगता ती स्वतःच परत विणली आणि आता सोसायटीत सगळ्यांना दाखवताना ‘हिने बिघडवली होती’ हे न चुकता सांगतात.