प्रश्नावली घेऊन बाहेर पडण्याआधी

तरुणांमधली व्यसनं आणि जोखमीचे लैंगिक संबंध, या विषयावर कोल्हापुरात प्रबंध करायचाय असं म्हणणारी एक-दोन पोरं दरवर्षी भेटतातच. विषय चांगला आहे. फक्त बहुतेकांची प्रश्नावली आधी तयार असते आणि नेमकं काय शोधायचं ते नंतर ठरतं. म्हणून सगळ्यात आधी कोऱ्या कागदावर एका ओळीत लिहा, कशाचा कशाशी संबंध तपासायचा आहे. 'पिणारी मुलं कंडोम कमी वापरतात का' हा एक प्रश्न झाला. 'तोच मुलगा प्यायलेल्या दिवशी कंडोम टाळतो का' हा वेगळा. पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' असं सहज निघू शकतं, कारण ज्याला मुळातच धाडसाची खुमखुमी आहे तो दारूही चाखतो आणि बाकीचंही करतो. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड जेसर यांनी 1970 च्या दशकात हेच मांडलं होतं, की तरुणांच्या अशा वागण्यांची मुळं बरेचदा एकच असतात.

तेव्हा दारूला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याआधी प्रसंगाचे प्रश्न तयार ठेवा. शेवटच्या वेळी संबंध आले त्याआधी काही घेतलं होतं का, किती, जोडीदारानं घेतलं होतं का, कंडोम होता का. आणि काही न घेता संबंध आले तेव्हा काय झालं होतं. एकाच माणसाच्या दोन वेळांची तुलना झाली की स्वभावाचा घोळ बराच मिटतो. जोखीम म्हणजे फक्त कंडोम नव्हे, हेही यादीत असू द्या. नकार देण्याच्या स्थितीत होता का, कुणी आग्रहानं पाजलं होतं का, हे मुलींनाच नाही तर मुलांनाही विचारायचं.

'किती' हा प्रश्न पेल्यात विचारू नका. आपल्याकडे हिशोब क्वार्टरमध्ये होतो, तोही 'दोघांत एक' असा. जागतिक आरोग्य संघटनेचं एक प्रमाण (स्टँडर्ड ड्रिंक, म्हणजे दारू मोजायचं एकक) म्हणजे 10 ग्रॅम अल्कोहोल. 42.8 टक्क्यांची 180 मिलीची क्वार्टर घेतली तर त्यात सुमारे 60 ग्रॅम, म्हणजे सहा प्रमाणं. 8 टक्क्यांची 650 मिलीची स्ट्राँग बिअर म्हणजे चार. हा तक्ता मुलाखतकाराच्या पॅडच्या आत चिकटवा. आकडेमोड उत्तर देणाऱ्याकडून करून घेऊ नये. एकूण पिण्यासाठी दहा प्रश्नांची ऑडिट (AUDIT) नावाची तयार चाचणी आहे, तीच वापरा, स्वतःची नवी काढत बसू नका. गांजा, मावा, गुटखा यांचे रकाने वेगळे ठेवा. सगळं 'व्यसन' या एका पोत्यात भरलं की तंबाखूचा बार भरणारा आणि गांजा ओढणारा एकाच रांगेत बसतो.

तारखा ठरवताना कॅलेंडरवाल्यांइतकंच पंचांगवाल्यांना विचारा. 'गेल्या 30 दिवसांत किती वेळा' हा प्रश्न गटारीनंतर चार दिवसांनी विचारलात तर आकडा फुगणार, आणि श्रावण संपताना विचारलात तर निम्मं कोल्हापूर निर्व्यसनी निघणार. 31 डिसेंबरचंही तेच. परीक्षेचा महिना तर सोडूनच द्या.

वयोगट 18 ते 24 ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर कळवणं बंधनकारक आहे, आणि त्या वयात संमती दिली होती हा मुद्दा कायद्यात चालत नाही. 'पहिला संबंध कितव्या वर्षी' हा निरागस वाटणारा प्रश्नही इथंच अडकतो. तो ठेवायचा की नाही, हे नीतिमत्ता समितीकडून (संशोधनाला परवानगी देणारी एथिक्स कमिटी) लेखी घ्या. अर्ज भरपूर आधी टाका. समितीच्या बैठका तुमच्या वेळापत्रकावर होत नाहीत. त्याच अर्जात सहीऐवजी तोंडी संमतीची परवानगी मागा. महाराष्ट्रात कडक दारूसाठी 25 आणि बिअरसाठी 21 वर्षांची अट आहे, अमली पदार्थाचं सेवन 1985 च्या कायद्यानं गुन्हा आहे. तुमच्याकडे असलेला सहीचा कागद हाच त्या मुलाला अडचणीत आणू शकणारा एकमेव धागा. तो नसलेलाच बरा.

मुलाखत घेणारे त्याच पेठेतले नकोत. इथं दोन वाक्यांत 'कुणाचा रं तू?' होतं आणि तिसऱ्यात मामाची ओळख निघते; मग उत्तर कसलं मिळतंय! रंकाळ्याच्या कट्ट्यावर किंवा तालमीच्या दारात घोळक्यात विचारू नका. घोळक्यात मुलगे फुशारकी मारतात, मुली गप्प होतात. कॉलेजांपुरतंही थांबू नका. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत शिफ्ट सुटल्यावर भेटणारी पोरं त्याच वयाची आहेत, आणि भाड्याच्या खोलीत एकटी राहतात.

सगळ्यात नाजूक एखाद्या प्रश्नाला नाणं वापरता येतं. वॉर्नर या संशोधकानं 1965 मध्ये सुचवलेल्या कल्पनेचाच हा सोपा प्रकार. मुलानं पाठ फिरवून रुपया उडवायचा. छापा आला तर काहीही असो, 'हो' म्हणायचं. काटा आला तर खरं सांगायचं. 200 जणांत 130 'हो' आले, तर त्यातले शंभरेक नाण्याचे. उरलेल्या शंभरात 30, म्हणजे साधारण 30 टक्के. कुणाचं 'हो' खरं हे तुम्हालाही कळत नाही. पण म्हणूनच ते उत्तर त्याच मुलाच्या दारूशी जोडणं अवघड होतं. तेव्हा मुख्य प्रश्नांसाठी नाणं नको. तिथं टॅब त्याच्या हातात द्या, हेडफोनवर प्रश्न ऐकू द्या आणि तुम्ही दूर बसा.

जाताना प्रत्येकाला, काही सांगो न सांगो, एक कार्ड द्यायचं. एचआयव्हीच्या माहितीसाठी 1097, व्यसनमुक्तीसाठी 14446, मनाच्या त्रासासाठी 14416, आणि कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयातलं तपासणी केंद्र. धोक्याचा संबंध आला असेल तर एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, हेही एका ओळीत. वर सर्वेक्षणाचं नाव छापू नका. शर्ट धुवायला टाकताना खिसे आईच तपासते.

शेवटी चाचणी फेरी, आणि ती इचलकरंजीत घ्या, म्हणजे इथला नमुना, म्हणजे उत्तरं देणारी पोरं, खर्ची पडत नाही. दहा जण पुरेत. कुठल्या प्रश्नाला हसू येतं, कुठं मान खाली जाते, ते समासात लिहा. अर्ध्या तासाच्या वर गेलं तर प्रश्न कापा. आधी कापायचे ते मार्गदर्शकांनी आग्रहानं घालायला लावलेले कौटुंबिक उत्पन्नाचे.