लंडन पायी: टिळकांच्या घरापासून बाबासाहेबांच्या घरापर्यंत

मुलाकडे किंवा लेकीकडे लंडनला निघालेल्या आमच्या ठाण्याच्या तलावपाळीवरच्या मंडळींना मी सांगते, पहिल्या आठवड्यात टूर बसचं तिकीट काढू देऊ नका. जावई हौसेने काढतातच! त्या बसमधून बिग बेन बघून होतो, पण नंतर एकट्याने त्या बाजूला जायची वेळ आली की डावं-उजवं काही आठवत नाही.

तयारी ठाण्यातच करा. नवे बूट महिनाभर आधी घ्या आणि उपवनच्या फेऱ्यांत, येऊरच्या चढावर रुळवा. छत्रीपेक्षा टोपीचं जॅकेट बरं; तिथला पाऊस भुरभुरतो आणि वारा छत्री उलटी करतो. जूनमध्ये रात्री नऊलाही उजेड असतो, डिसेंबरात चारलाच अंधारून येतं.

भुयारी रेल्वेच्या नकाशावरून अंतर ठरवू नका. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही दोन वेगळी स्टेशनं, पण मधलं अंतर तीनशे मीटरसुद्धा नाही. त्यापेक्षा फुटपाथवर नकाशाचे उंच खांब असतात, ते वाचायला शिका. त्यांत वरची बाजू उत्तर नसते. तुमचं तोंड ज्या दिशेला, ती दिशा वर. पाच मिनिटांत चालत कुठवर जाता येईल याचं वर्तुळही काढलेलं असतं. ती मिनिटं त्यांच्या चालीची, आपण गुडघे बघून दीडपट धरावी. मोबाइल बघायचा तर भिंतीकडे सरकून. फुटपाथच्या कडेला उभं राहिलं तर सायकलवरून येऊन हिसकावतात.

आता रस्ता. सुरुवात पाणी धरून करा, म्हणजे चुकायला होत नाही. बेकरलू लाइनने वॉर्विक ॲव्हेन्यूला उतरा. जवळच हाउली प्लेसवर १० नंबरच्या घरावर निळी गोल पाटी आहे: चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी गेलेले टिळक १९१८-१९ मध्ये इथे राहत होते. घर खाजगी आहे, बेल वाजवू नका. तिथून दोन पावलांवर लिटल व्हेनिस, रंगीत लांबोडक्या होड्यांचं. इथून रीजंट्स कालवा उजव्या हाताला ठेवून ब्लूमफिल्ड रोडने चला. एजवेअर रोडला कालवा बोगद्यात शिरतो आणि नवखा माणूस गोंधळतो. रस्ता ओलांडून समोरच्या ॲबर्डीन प्लेसने सरळ जा, पुढे पुन्हा काठावर उतरता येतं. काठाची वाट अरुंद आहे. सायकलची घंटी ऐकू आली की एका बाजूला व्हा.

रीजंट्स पार्कच्या कडेने, प्राणिसंग्रहालयाच्या पिंजऱ्यांजवळून गेल्यावर वर या आणि प्रिमरोझ हिल चढा. टेकडी साठेक मीटर उंचीची, येऊरवाल्यांना काहीच नाही. माथ्यावर बसून डबा उघडा. सेंट पॉल चर्चचा घुमट, शार्डचा उंच मनोरा, लंडन आयचं मोठं चाक एका नजरेत येतात. पुढच्या आठवड्याचे रस्ते इथेच बसून ठरवा.

उत्तरेला उतरलं की किंग हेन्रीज रोड. तिथल्या १० नंबरात १९२१-२२ मध्ये, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना, बाबासाहेब राहिले. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते घर घेतलं, आता तिथे स्मारक आहे. उघडण्याच्या वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा. सगळं मिळून चारेक किलोमीटर होतं. परतायला चॉक फार्म स्टेशन जवळच. पाय धड असतील तर कॅम्डेनच्या बाजाराकडे वळा, फक्त शनिवार-रविवारी नको, दादर परवडलं म्हणाल.