आपल्या पदवीचं मूल्यमापन आपणच करताना

आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं, काम माझ्याकडे आलं तेव्हा आधी कपाटाची किल्ली हातात पडली. आत फाइलींचे गठ्ठे. बी.एस्सी.च्या प्रत्येक विषयापुढे 'अध्ययन निष्पत्ती साध्य', म्हणजे शिकून जे यायला हवं ते मुलांना आलं, असं लिहिलेलं, आणि वनस्पतिशास्त्राच्या कागदावर सही माझीच. त्याच उन्हाळ्यात अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एका मुलीला म्हटलं, खोडाचा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली लाव. ती थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, स्लाइड तुमीच लावता, आमी त पायतो फक्त."

त्या वाक्यानंतर मी मूल्यमापन नव्यानं शिकले. यवतमाळ, वाशीम, बुलडाण्याकडच्या तालुक्याच्या कॉलेजात हे काम ज्यांच्या अंगावर नुकतंच आलंय, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आपली कॉलेजं संलग्नित. अभ्यासक्रम अमरावतीला विद्यापीठाचं अभ्यास मंडळ ठरवतं, त्यातला शब्दही आपण बदलू शकत नाही. म्हणून बरेच जण म्हणतात की मग आपण तपासायचं तरी काय? पण तो अभ्यासक्रम आपल्या पोरांपर्यंत किती पोचला, कुठे अडला, हे विद्यापीठाला दिसत नाही. ते फक्त आपल्यालाच दिसतं. नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, २०१७ ची चौकट काढून बघा: सात निकष, एकूण १००० गुण, आणि संलग्नित कॉलेजांसाठी त्यातले ३५० एकट्या दुसऱ्या निकषाला, म्हणजे अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापनाला. आपण मात्र वेळ घालवतो तो रंगरंगोटीत आणि फोटोंना शीर्षकं देण्यात.

सुरुवात दाखल खारीज रजिस्टरपासून करा. तीन वर्षांपूर्वी प्रथम वर्षाला आलेलं प्रत्येक नाव एका वहीत उतरवा. पुढे रकाने आखा: गाव, येण्याचं साधन, पहिल्या सत्राचा निकाल, दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला का, अंतिम वर्ष पास झाला का, आता काय करतो. निकालाची टक्केवारी आपण नेहमी परीक्षेला बसलेल्यांवर काढतो. जे बसलेच नाहीत ते कोणत्याच कागदावर येत नाहीत. मी ही वही पहिल्यांदा भरली तेव्हा ५८ नावांतली ३१ शेवटपर्यंत पोचली होती, आणि आमचा छापलेला निकाल मात्र छान होता.

मग गळालेल्या नावांना फोन करा. हे काम लिपिकावर टाकू नका, विषयशिक्षकानंच करायचं. मला कारणं अशी सापडली. दोन मुलींची लग्नं झाली होती. काही पोरं पुण्याकडे कंपनीत गेली होती. आणि एकाच रस्त्यावरच्या दोन गावांतल्या सहा मुलींचं कॉलेज सुटलं होतं. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचा पास मोफत असतो, पदवीला आलं की तो पैसे भरून काढावा लागतो. त्यात आमचं प्रात्यक्षिक साडेचारला सुटायचं आणि त्यांची गाडी सव्वाचारला निघून जायची. त्यांना आम्ही गैरहजर मांडत होतो. पुढच्या जूनमध्ये त्या मार्गावरच्या मुलींची बॅच सकाळी लावली. पासचे पैसे विद्यार्थी साहाय्य निधीतून द्यायला प्राचार्यांना दोन बैठका पटवावं लागलं, पण ते झालं.

हजेरीही महिन्यावार मांडा. आपल्याकडे दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू होते आणि वर्ग निम्मे होतात. रागावून उपयोग नाही, घरात दुसरे हात नसतात. ज्या प्रात्यक्षिकांशिवाय पुढचं अडतं, ती आम्ही आता ऑगस्ट-सप्टेंबरात उरकतो. पोळा-गणपतीच्या सुट्ट्या धरूनही ते जमतं.

आता निष्पत्ती. 'वनस्पतींच्या रचनेची जाण येईल' असलं वाक्य लिहू नका, कारण जाण आली की नाही हे मोजणार कसं? असं लिहा: 'विद्यार्थी स्वतः द्विदल खोडाचा आडवा छेद घेईल, रंग देईल आणि त्यातल्या चार ऊती ओळखून दाखवेल.' क्रियापद असं हवं की ते करताना पोरगा डोळ्यांना दिसला पाहिजे. एका विषयाला अशी चार-पाच पुरेत.

मोजण्याचं गणित अवघड नाही, फक्त ते परीक्षेच्या आधी ठरवावं लागतं. घटक चाचणीची प्रश्नपत्रिका छापण्यापूर्वीच प्रत्येक प्रश्नापुढे निष्पत्तीचा क्रमांक टाका. मग लक्ष्य ठरवा, समजा ६० टक्के गुण. पातळ्याही आधीच लिहून ठेवा: निम्म्या मुलांनी लक्ष्य गाठलं तर १, ६० टक्के मुलांनी गाठलं तर २, ७० टक्क्यांनी तर ३. वर्गात ४० मुलं आहेत आणि छेदाच्या प्रश्नात २२ जणांनी लक्ष्य गाठलं, तर ते ५५ टक्के झाले. पातळी १. तेवढीच लिहा. विद्यापीठाच्या परीक्षेत आपल्याला एकूण गुण कळतात, कोणत्या प्रश्नाला किती पडले ते कळत नाही. त्यामुळे कुठे अडलं हे शोधायला आपली अंतर्गत चाचणीच उपयोगी पडते. ती ढिली घेतली, सगळ्यांना वीसपैकी अठरा वाटले, की हे सारं गणित खोटं पडतं.

कमी पातळी लिहायला हात अडखळतो हे मला माहीत आहे. माझाही अडखळला. पण १ लिहून त्याखाली 'कारण: सूक्ष्मदर्शक चार, मुलं चाळीस, उपाय: दहा-दहाच्या बॅच' असं लिहिलं आणि पुढच्या वर्षी आकडा हलला, तर त्याच्याएवढा भक्कम पुरावा दुसरा नाही.

अभिप्रायाचे छापील फॉर्म पोरं बसल्या जागी वरपासून खालपर्यंत 'उत्तम'वर टिक मारून परत देतात. त्यांना भीती असते, आणि ती रास्त आहे. फॉर्मवर नाव घेऊ नका, शिकवणाऱ्या शिक्षकानं तेव्हा वर्गात थांबू नये, आणि एक प्रश्न मोकळा ठेवा. माझा प्रश्न असा: 'कोणता धडा तुला घरी भावाला समजावून सांगता येणार नाही?' उत्तर वऱ्हाडीत लिहिलं तरी चालेल, हे तोंडी सांगायचं. पहिल्याच वर्षी आनुवंशिकतेचं नाव इतक्यांनी लिहिलं की आम्ही तो भाग दुसऱ्या शिक्षकाला द्यायचं ठरवलं. तो भाग माझा होता.

पालकांचा अभिप्राय मेळाव्यात मिळत नाही. बाजाराच्या दिवशी गावातून लोक तालुक्याला येतातच, त्या दिवशी दुपारी त्यांना कॉलेजात बोलवा.

आयक्यूएसीच्या बैठकीचं इतिवृत्त त्याच दिवशी लिहा, सह्याही त्याच दिवशी घ्या. प्रत्येक ठरावापुढे कोण करणार आणि कधीपर्यंत हे दोन रकाने असू द्या. पुढची बैठक त्या रकान्यांच्या वाचनानंच सुरू करा. वार्षिक गुणवत्ता अहवाल ३१ डिसेंबरपर्यंत भरायचा म्हणून डिसेंबरात बसून वर्षाच्या बैठका 'घडवणं' अनेक ठिकाणी चालतं. तुम्ही ते करू नका. झाली नसेल तर झाली नाही असं लिहा.

एक काम मात्र बहुतेक कॉलेजं सोडून देतात. वर्षाअखेर निघालेले निष्कर्ष अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांना पत्रानं कळवा, आकड्यांसह. बोंडअळीनं आपल्या पोरांच्या घरचं पीक खाल्लं, आणि पदवीच्या तिन्ही वर्षांत त्यांनी तिचं जीवनचक्र शेतात उभं राहून एकदाही पाहिलं नाही, हे मंडळाला कोणीतरी लिहायला हवं. मी दरवर्षी लिहिते. पत्राची आवक नोंद घेतलेली प्रत वहीत चिकटवते आणि पुढच्या पानावर नव्या तुकडीची नावं उतरवायला घेते.