पहिला कॅमेरा घेताय? डीएसएलआर की मिररलेस ठरवताना या चुका टाळा

लग्नसराई जवळ आली की जळगावात मला हमखास फोन येतात. "दादा, डीएसएलआर घेऊ की मिररलेस?" डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, मिररलेस म्हणजे बिनआरशाचा. मी विचारतो, फोटो कशाचे काढणार? तिथे बहुतेक पोरं गप्प होतात. व्हिडिओ पंधरा बघून झालेले असतात, पण आपण मंडपात उभे राहणार, की पालच्या जंगलात पक्ष्यांमागे फिरणार, की केळीच्या बागेत रील काढणार, याचा विचार झालेला नसतो. तो आधी करा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळे पैसे बॉडीत, म्हणजे लेन्स सोडून नुसत्या कॅमेऱ्यात घालणं. माझ्या शहाद्याच्या भाच्याने तेच केलं. सत्तर हजार जमवले होते, त्यात नवीन मिररलेस आणि सोबत येणारी किट लेन्स घेतली. जादा बॅटरी नाही, दुसरी लेन्स नाही. मी दोनदा सांगितलं, थांब, दोन महिन्यांनी घे. त्याला थांबायचं नव्हतं, कारण होळी तोंडावर आली होती आणि आम्ही काठीला जाणार होतो.

काठीची होळी अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्यात. रात्रभर ढोल वाजतात, मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेले लोक नाचतात, आणि होळी पेटते ती पहाटे. भाचा संध्याकाळपासून सुटला होता. प्रत्येक फोटो स्क्रीनवर बघायचा, मोबाईलवर पाठवायचा, कॅमेरा बंद म्हणून करायचा नाही. रात्री तीनच्या सुमारास माझ्याजवळ आला, "मामा, बॅटरी सरी गई." पहाटे होळी पेटली तेव्हा तो मोबाईल वर धरून उभा होता. त्याचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

डीएसएलआरच्या खिडकीतून आपण आरशावरून आलेला खरा उजेड बघतो, त्याला वीज लागत नाही. मिररलेसमध्ये सेन्सर (फोटो टिपणारी चिप) आणि स्क्रीन सतत चालू असतात. कंपन्यांचेच आकडे बघा: निकॉन डी5600 एका चार्जवर 970 फोटो, तर त्याच कंपनीचा मिररलेस झेड50 साधारण 300. म्हणून मिररलेस घेणार असाल तर तीन बॅटऱ्या धरूनच हिशोब करा. मी प्रत्येक बॅटरीवर चिकटपट्टी लावून नंबर टाकतो आणि संपलेली दुसऱ्या बाजूच्या खिशात ठेवतो. यूएसबीवर चार्ज होणारी बॉडी असेल तर पॉवर बँकही जवळ ठेवा.

त्या रात्रीचे त्याचे फोटोही दाणेदार आले. त्याची किट लेन्स झूम केली की एफ 6.3 वर जाते. एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून जास्त उजेड आत येतो. माझ्या जुन्या डीएसएलआरवर 50 एमएम एफ 1.8 होती, म्हणजे तिच्या बारापट उजेड आत घेणारी. आरसा असण्या-नसण्याने हा फरक पडत नाही, लेन्सने पडतो. बजेट तंग असेल तर मी आजही जुनी डीएसएलआर आणि एक 50 एमएम सुचवतो. हात आणि डोळा तयार व्हायला तेवढं पुष्कळ आहे.

आता लेन्सची फसगत. निकॉनची जुनी 50 एमएम 1.8डी स्वस्तात मिळते म्हणून पोरं उचलतात, आणि ती डी3500 किंवा डी5600 वर ऑटोफोकस करत नाही, कारण त्या बॉडीत फोकसची मोटरच नाही. एफटीझेड अडॅप्टर (जुनी निकॉन लेन्स मिररलेसवर बसवणारा जोड) लावून झेड50 वर टाकली तरी तेच. कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफ लेन्स मात्र अडॅप्टरने त्यांच्या मिररलेस आर मालिकेवर छान चालतात. पण कॅननचाच मिररलेस एम50 स्वस्त दिसतो म्हणून घेऊ नका. त्याचा माउंट (लेन्स बसवायची जागा) वेगळा, कंपनीने बंद केलेला, त्यावर आर मालिकेची आरएफ लेन्स बसत नाही.

"डीएसएलआर आता मेली" म्हणणाऱ्यांचं अर्धं खरं आहे. कॅनन आणि निकॉनने 2020 नंतर नवी डीएसएलआर आणलेली नाही. पण घरात चालू असलेली काही त्यामुळे बंद पडत नाही. व्हिडिओ किंवा धावती मुलं टिपायची असतील तर मिररलेसच घ्या, माणसाच्या डोळ्यावर आपोआप बसणारा फोकस खरंच कामाचा आहे.

धुळीचंही ऐका. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे धावतात तिथे उभं राहून लेन्स बदलणारे मी बघितलेत. बहुतेक मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर उघडाच असतो. मी गाडीत बसून, काचा लावून, कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून बदलतो. सेन्सरवर डाग पडलाच तर रबरी ब्लोअर वापरा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे उडतात. रुमालाचं टोक तर अजिबात लावू नका.

मंडपात एलईडी लाइट असतील तर सायलेंट शटर (आवाज न करता फोटो काढायची सोय) बंद ठेवा, फोटोत आडवे पट्टे येतात. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून मी शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवतो. मे महिन्यात कॅमेरा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेगापिक्सेल मोजत बसू नका.

जुनी बॉडी घेताना शटर किती वेळा उडालंय ते विचारा. साध्या डीएसएलआरचं शटर साधारण 1 लाखापर्यंत धरतात. आपलं मेमरी कार्ड सोबत न्या. एफ 16 वर मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढा, मोठा करून सेन्सरवरच्या धुळीचे काळे ठिपके शोधा, आणि मगच पैसे मोजा.