हरणाच्या मांसाची पाककृती: कुठे शोधायची, कशी पारखायची

माझा भाचा स्कॉटलंडमध्ये इन्व्हरनेसला नोकरीला आहे. मागच्या हिवाळ्यात त्याचा फोन आला, "मावशी, इथं खाटकाकडे हरणाचं मांस सर्रास मिळतं. आपल्या घरी पूर्वी करायचे तसं कसं करू?" मी गडबडीत होते. सांगून टाकलं, मटणासारखंच कर, कुकरला पाच शिट्ट्या दे. त्यानं आणला होता पाठीचा लांब पट्टा, हरणातला अगदी मऊ आणि महाग भाग. पाच शिट्ट्यांनंतर त्याची सुतळी झाली. चूक माझी होती, आणि ती मला फार लागली. दुसऱ्या दिवसापासून मी नीट शोध सुरू केला. त्यातून जे हाती आलं ते इथं लिहिते आहे.

आधी कायद्याचं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. चितळ, सांबर, काळवीट यांचं मांस विकत घेणं किंवा घरात ठेवणं हासुद्धा गुन्हा आहे. कुणी "ओळखीतून आणून देतो" म्हणालं तरी नकोच म्हणा. इथं बडोद्यात मी या सगळ्या कृती बोकडावर करून बघते. खरं हरण शिजतं ते भाच्याकडे.

आता शोध. पहिलं घरचं कपाट. माझे पणजोबा गायकवाड सरकारच्या शिकारखात्यात कारकून होते. त्यांच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूला अकरा कृती लिहिलेल्या आहेत, मोडीत. मला मोडी येत नाही, म्हणून पानांचे फोटो काढून एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांकडून वाचून घेतल्या. बडोद्यात, ग्वाल्हेरीत, इंदुरात जुन्या मराठी घरांत अशा वह्या अजून असतील. पाककृतींची वही म्हणून शोधू नका. देण्याघेण्याच्या, औषधांच्या, लग्नखर्चाच्या वह्यांची मागची पानं उलटा.

अशी कृती सापडली की पहिला अडसर मापांचा. "मांस एक शेर" म्हणजे किती? पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. गुजरातेत चालणारा शेर त्याच्या जवळपास निम्मा असे. वहीत कुठला ते कळायला मी मीठ बघते. एका कृतीत शेराला एक तोळा मीठ आहे. तोळा म्हणजे पावणेबारा ग्रॅमच्या आत-बाहेर. ९३३ ग्रॅमला एवढं मीठ म्हणजे सव्वा टक्का, अगदी बरोबर. निम्म्या शेराला तेवढंच घातलं तर अडीच टक्के, तोंडात घालवणार नाही. म्हणजे वहीतला शेर पक्का. ही युक्ती कुठल्याही जुन्या कृतीला लावता येते, आणि तूप-मिरचीच्या मापांपेक्षा मिठावर भरवसा जास्त ठेवावा, कारण तिखट घरागणिक बदलतं, मीठ फारसं नाही.

दुसरी जागा ग्रंथालय. बडोदेकरांचं भाग्य असं की चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा बाराव्या शतकातला 'मानसोल्लास' गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतच छापला गेला, श्रीगोंदेकरांच्या संपादनात. पहिला खंड १९२५चा. त्यातलं 'अन्नभोग' प्रकरण तिसऱ्या विंशतीत, म्हणजे वीस प्रकरणांच्या तिसऱ्या भागात आहे. माझं संस्कृत शाळेपुरतं, तरी शब्दकोश शेजारी घेऊन चार दुपारी बसले तेव्हा वाट दिसायला लागली. मांसाचे तुकडे सळईला लावून निखाऱ्यावर भाजायचे, हिंग, सैंधव, मिरी, आलं. लाल मिरची कुठेच नाही, कारण ती पोर्तुगीज आल्यावर आपल्याकडे आली. म्हणून एखादी "प्राचीन राजेशाही" कृती पावशेर लाल मिरचीनं सुरू झाली, तर तिचं वय चारशे-पाचशे वर्षांच्या आतलं धरा. त्यानं ती वाईट ठरत नाही.

एक शब्द मात्र सांभाळा. संस्कृतात 'मृग' म्हणजे नेहमी हरीणच असं नाही. कुठलंही रानातलं जनावर मृग. मृगया म्हणजे शिकार, आणि माकड ते शाखामृग. गंमत म्हणजे इंग्रजीतल्या 'व्हेनिसन'चीही तीच गोष्ट. मूळ लॅटिन शब्द शिकारीचा, आणि पूर्वी इंग्रजीत कुठल्याही शिकारीच्या मांसाला व्हेनिसन म्हणत. त्यामुळे जुन्या पुस्तकात हा शब्द दिसला की आजूबाजूला जनावराचं नाव दिलंय का ते बघा. रानडुकराची कृती हरणाला लावली तर चरबीचं गणितच चुकतं.

छापील पुस्तकांत मला सगळ्यात उपयोगी पडलं ते सैलान्याच्या दिग्विजयसिंहांचं 'कुकिंग डिलाइट्स ऑफ द महाराजाज'. सैलाना रतलाम जिल्ह्यात, म्हणजे आपल्या दिल्लीच्या गाडीच्या वाटेवरच. इंग्रजीत आहे, पण मसाले सगळे आपले. मांडूच्या सुलतानाचा 'निमतनामा' पंधराव्या शतकाच्या अखेरीचा. मूळ हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि २००५मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. तो वाचायला अप्रतिम, पण त्यात मापं नाहीत म्हटलं तरी चालेल. पहिल्यांदा शिजवणाऱ्यानं त्यावर विसंबू नये. भाच्याला मी तिकडची दोन पुस्तकं घ्यायला लावली: निकोला फ्लेचर यांचं 'अल्टिमेट व्हेनिसन कुकरी', या बाई स्कॉटलंडच्याच, हरीणपालन केलेल्या, आणि अमेरिकेतल्या हँक शॉ यांचं २०१६चं 'बक, बक, मूस'. तंत्र त्यांच्याकडून घ्यायचं, वाटण वहीतलं.

पुस्तक हाती आलं की विकत घेण्याआधी दोन-तीन कृती उघडून बघा. माझी पारख अशी. कृती जनावराचा भाग सांगते का? नुसतं "हरणाचं मांस एक किलो" लिहिलं असेल तर पुस्तक ठेवून द्या. पाठीचा पट्टा आणि नळी यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पट्टा मोठ्या आचेवर काही मिनिटं, आतून गुलाबी असतानाच उतरवायचा, आतलं तापमान ५५ ते ६० अंश सेल्सिअस. नळी, खांदा, मान यांत चिवट तंतू जास्त, त्यांना मंद आचेवर अडीच-तीन तास हवेत, तेव्हा कुठे ते तंतू विरघळून रस्सा दाट होतो. ही दोन टोकं जी कृती वेगळी ठेवते, तिच्यावर विश्वास टाका.

दुसरं, चरबी. हरणाच्या मांसात ती फारच कमी, आणि जी असते ती थंड झाली की मेणासारखी टाळूला चिकटते. उग्र वासही बराचसा तिच्यातच. चांगली कृती ती चरबी आणि वरचा पांढरा पापुद्रा काढायला सांगते आणि मग बाहेरून तूप घालते. आपल्या जुन्या कृतींत तुपाचं प्रमाण बघून लोक दचकतात. राजस्थानातलं जंगली मांस तर तूप, सुक्या मिरच्या, मीठ आणि पाणी एवढ्यावरच होतं. ते तूप कोरड्या मांसाला ओलं ठेवण्यासाठी आहे. निम्मं करू नका. बोकडाच्या चरबीवाल्या सीन्यावर करत असाल तर मात्र खुशाल कमी करा.

तिसरं, मुरवण. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा असं सांगणारी पुस्तकं मला आवडत नाहीत. वरचा थर पिठूळ होतो आणि आत काहीच पोचत नाही. दही तीन-चार तास पुरे. कच्च्या पपईचा कीस किलोला एक लहान चमचा, आणि तोही अर्धा तास.

चौथं सुरक्षेचं. जुन्या पुस्तकांत हे नसतं, म्हणून नव्यातून घ्यावं. खिमा आतपर्यंत ७० अंशांवर दोन मिनिटं तरी शिजलाच पाहिजे. रानडुक्कर कधीही गुलाबी ठेवू नये, कृमींचा धोका असतो. शिशाच्या गोळीनं मारलेल्या जनावराच्या मांसात शिशाचे कण राहू शकतात. गरोदर बाईनं आणि लहान मुलांनी ते टाळावं. भाच्याची बायको तेव्हा दिवस राहिलेली होती, म्हणून मी दुकानदाराला गोळी कुठली ते विचारायला लावलं. त्यानं सरळ उत्तर दिलं. न देणाऱ्याकडून घेऊ नये.

शेवटी भाच्यासाठी वहीतली जी कृती आम्ही बसवली ती ही. खांद्याचं किंवा नळीचं मांस एक किलो, पापुद्रा काढून मोठे तुकडे. मीठ १२ ग्रॅम, दही वाटीभर, आलं-लसणाचं वाटण दोन मोठे चमचे, तीन तास मुरवणं. जाड बुडाच्या पातेल्यात १२० ग्रॅम तूप, त्यात चार लवंगा, दोन मसालावेलची, दगडफूल चिमूटभर, आणि तीन कांदे तांबूस होईपर्यंत. मग बिया काढलेल्या आठ सुक्या मिरच्या भिजवून वाटलेल्या. मांस घालून दहा मिनिटं परतायचं, दोन वाट्या गरम पाणी, झाकणावर पाणी ठेवून अगदी मंद आच. मांस शिजत आलं की (हरणाला दोन तासांनी) भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं आणि खसखशीचं वाटण. तुकडा चमच्यानं दाबला की सुटला पाहिजे. शेवटी निखाऱ्यावर तूप सोडून धुरी. माझ्याकडे बोकडाला एकूण पावणेदोन तास लागले, त्याच्याकडे रेड डियरला तीन.

आता वहीच्या कोऱ्या पानावर आम्ही दोघं प्रत्येक खेपेची नोंद ठेवतो: जनावर कुठलं, भाग कुठला, वय माहीत असलं तर वय, तूप किती, वेळ किती. माझ्या नोंदी मराठीत, त्याच्या फोनवरून येतात त्या मी उतरवून घेते. परवाची नोंद पाठीच्या पट्ट्याची आहे. लोखंडी तव्यावर, दर बाजूला तीन मिनिटं, मिरी आणि सैंधव. "मावशी, या वेळी मऊ झालं."