वातड होणारे पोर्क चॉप्स कसे सुधारले
अमेरिकेत आल्यापासून माझे पोर्क चॉप्स, म्हणजे डुकराच्या मांसाचे जाड काप, दर वेळी वातड होत असत, कारण ते कच्चे राहतील या भीतीने मी पार कोरडे होईपर्यंत भाजत असे. तेथील कृषी खात्याने 2011 मध्ये अशा अखंड तुकड्यांसाठी आतील तापमानाची किमान मर्यादा 71 वरून 63 अंश सेल्सिअसवर आणली आणि त्यानंतर तीन मिनिटे मांस तसेच राहू देण्यास सांगितले, हे कळल्यावर मी प्रथम तापमापक विकत घेतला. आता इंचभर जाडीचे, हाडासकट चॉप्स मिठाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवते आणि नीट टिपून कोरडे करते. ओलसर मांस तांबूस होण्याऐवजी नुसते वाफेवर शिजते. गूळ आधी चोळला की करपून कडवट होतो. म्हणून चॉप्स जाड बुडाच्या पॅनमध्ये भाजून बाजूला काढल्यावरच त्याच पॅनमध्ये कांदा परतते, चमचाभर मैदा भाजते, लाल तिखट घालते आणि व्हिनेगर व पाणी ओतून तळाला चिकटलेला तांबूस थर उलथन्याने खरवडून रश्श्यात मिसळते. गूळ सर्वांत शेवटी. ताटलीत सुटलेला रसही रश्श्यातच घालावा, तो मुळीच टाकू नये. परवा सुरी लावताच हाडाजवळचे मांस फिकट गुलाबी, रसाळ निघाले, तेव्हा मला मनापासून समाधान वाटले.