जुन्या मॉनिटरवर फोटोंचे रंग जुळवताना

सोलापुरी चादरींचे फोटो तयार करताना माझ्या लक्षात आले की, पडद्यावर विटकरी दिसणारा रंग छापल्यावर डाळिंबी उतरतो. दोष छपाईचा नव्हता. जुन्या मॉनिटरमधील सीसीएफएल दिवे, म्हणजे पडद्यामागून उजेड देणाऱ्या बारीक नळ्या, वर्षानुवर्षांच्या वापराने मंदावतात आणि त्यांचा प्रकाश पिवळसर होत जातो.

मॉनिटर सुरू करून किमान अर्धा तास तापू द्यावा. आपल्याकडचे ऊन खिडकीतून थेट पडद्यावर येते, म्हणून रंग जुळवण्याचे काम दिवस मावळल्यावर केलेले बरे. मेनूमधील डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रानुसार उजेड आपोआप बदलणारी सोय, बंद करावा. रंगतापमान (पांढऱ्या रंगाचा पिवळसर-निळसरपणा) ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा ठरवणारा आकडा) २.२ आणि पडद्याचा उजेड प्रति चौरस मीटर १०० ते १२० कँडेला ठेवावा. थकलेला पडदा तिथवर पोहोचत नसेल, तर ८० वरही काम भागते, मात्र खोलीतील दिवा मंद हवा.

खरी मेहनत लाल, हिरवा आणि निळा यांचा समतोल साधण्यात आहे. जो रंग जास्त असेल तो मॉनिटरच्या बटणांनी कमी करावा, कमी पडणारा वाढवण्याच्या फंदात पडू नये. मग कलरीमीटर, म्हणजे रंग मोजणारे छोटे उपकरण, पडद्याच्या मध्यभागी सपाट टेकवून, डिस्प्लेकॅलसारख्या मोफत सॉफ्टवेअरने प्रोफाइल, म्हणजे पडदा रंग कसे दाखवतो हे संगणकाला सांगणारी फाइल, तयार करावे. केवळ डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये, कारण डोळे पिवळेपणाला काही मिनिटांतच सरावतात.

टीएन पॅनेल (एलसीडी पडद्याचा एक प्रकार) असल्यास पडद्यासमोर सरळ बसावे, कारण मान जरा खाली-वर झाली तरी सावल्यांची छटा बदलते. महिन्याने पुन्हा मोजणी करावी.